भिंतीपलीकडचा कॉम्प्रेसर आणि आपली झोप

रात्रीचे दोन वाजलेत. उशीला कान लावला की घुंऽऽऽ. उठून बसलं की गायब. खिडकी घट्ट लावली, तरी कान टेकवला की पुन्हा घुंऽऽऽ. म्हणजे आवाज खिडकीतून येतच नव्हता, पलंगातून येत होता!

नमस्कार मंडळी. शेजारच्या धंद्याचा त्रास होत असेल, तर भांडायला जायच्या आधी एक काम करा. आवाज कुठल्या वाटेनं येतोय ते शोधा.

खिडकी लावल्यावर आवाज पडला, तर तो हवेतून येतोय. नाही पडला, तर भिंतीला असा तळहात टेकवा. बारीक थरथर लागली, तर यंत्राचा हादरा बांधकामातून येतोय. मग तुम्ही दुहेरी काचा लावा, जाड पडदे लावा, पैसे पाण्यात. इलाज यंत्रापाशीच करावा लागतो. पायाखाली रबरी पॅड नाहीतर स्प्रिंग. आणि पाइप विसरू नका हं. आमच्या शेजारच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरखाली पॅड होते, पण पाइप धरून ठेवणारा क्लँप थेट आमच्या सामाईक भिंतीत ठोकलेला!

मोबाइलवरच्या डेसिबल ॲपवर फार विसंबू नका. १० डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट होते, कानाला मात्र साधारण दुप्पट वाटतं. शिवाय नेहमीच्या मोजणीत खालच्या पट्टीच्या घुमण्याला वजन कमी मिळतं. त्यामुळे आकडा साधा दिसतो आणि झोप उडालेली असते. ॲप वापरा, पण तुलनेसाठी: यंत्र चालू असताना किती, बंद असताना किती.

त्यापेक्षा वही कामाची. ‘रात्रभर आवाज असतो’ हे कुणाला तपासता येत नाही. ‘११:४० ला सुरू, ११:५२ ला बंद, १२:१० ला परत सुरू’ असं लिहिलंत, की तंत्रज्ञ लगेच ओळखतो, हा थर्मोस्टॅटवर चालणारा, म्हणजे तापमानानुसार आपोआप चालू-बंद होणारा कॉम्प्रेसर. वासाचा त्रास असेल तर वाऱ्याची दिशाही लिहा, आणि बाहेरून आलेल्या माणसाला विचारा. आपलं नाक थोड्या वेळात सरावतं.

आता बोलायचं कुणाशी? मी पहिल्यांदा चुकलोच. रागाच्या भरात गेलो आणि काउंटरवरच्या मुलावर ओरडलो. त्याच्या हातात काय होतं? काहीच नाही. मालक संध्याकाळीच घरी जायचे, त्यांनी तो आवाज कधी ऐकलाच नव्हता. शेवटी त्यांना रात्री घरी बोलावलं, म्हटलं, ‘जरा या भिंतीला कान लावा.’ लावला. चेहराच उतरला त्यांचा.

‘यंत्र बंद करा’ म्हणू नका, त्यावर त्यांचं पोट आहे. ‘क्लँपमध्ये रबर घाला’ असं नेमकं मागा. ठरलं ते त्याच रात्री मेसेजवर लिहून पाठवा. दाद दिली नाही, तर जागेच्या मालकाकडे जा, मग वही घेऊन स्थानिक प्रशासनाकडे. परवान्यात कामाच्या वेळा किंवा आवाजाच्या अटी आहेत का, ते तिथे विचारा. कोर्ट अगदी शेवटी.

आणि दुरुस्ती झाली म्हणून वही लगेच फेकू नका. गरमीत कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो, रबरही कालांतरानं कडक होतं. मी अजून अधूनमधून भिंतीला हात लावून बघतो. परवा थरथर लागली, दचकलो. आमचाच फ्रीज होता.