नाक सरळ का राहत नाही?

(दृश्य: दादरमधल्या एका सोसायटीचा हॉल. खुर्च्या भिंतीला लावलेल्या. मधोमध फरशीवर रिमोटवर उडणारं, वीतभर लांबीचं खेळण्यातलं हेलिकॉप्टर.)

पंखे बंद. छताचे सगळे, नुसता मधला नाही. एसी बंद, खिडक्या लावलेल्या. जेमतेम चाळीस ग्रॅम वजनाच्या यंत्राला पंख्याची झुळूकही पुरते. मग नवशिका तासभर रिमोटवरचं ट्रिमचं, म्हणजे नाकाचा कल बारीक सुधारण्याचं, बटण फिरवत बसतो. दोष हवेचा असतो, दुरुस्ती रिमोटची चालते.

मुंबईत हे बाहेर उडवणं तसंही अवघड. शिवाजी पार्कवर दुपारचा समुद्रावरचा वारा सुटला की ते हाताबाहेर गेलंच म्हणायचं. रिमोट इन्फ्रारेड असेल तर उन्हात सिग्नल मिळत नाही. शिवाय ड्रोन आणि रिमोटवर उडणारी लहान विमानं यांच्यावर मुंबई पोलीस वेळोवेळी बंदीचे आदेश काढतात. मैदानात काहीही उडवायचं तर आधी चालू आदेश बघावा. म्हणून हा हॉल. पाच बाय सहा मीटर मोकळी जागा, आणि भिंतींपासून किमान दीड मीटर लांब. भिंतीजवळ पात्यांनी खाली ढकललेली हवा उलटून येते आणि हेलिकॉप्टर डोलायला लागतं. छताच्या फार जवळ गेलं तर ते वरच ओढलं जातं आणि पाती छतावर आपटतात.

(दृश्य: एकावर एक दोन पंखे, अगदी जवळून.)

शिकाऊ माणसाच्या हातात बहुतेकदा हाच प्रकार येतो. एकाच अक्षावर दोन पंखे, वरचा एका दिशेने फिरणारा, खालचा उलट. सायमा एस १०७ हा त्यातला चांगलाच परिचयाचा नमुना. पंखा एका बाजूला फिरतो तेव्हा हेलिकॉप्टरचं अंग उलट बाजूला फिरू बघतं. दोन पंखे एकमेकांचा हा पीळ मारतात, म्हणून नाक सरळ राहतं. दोन मोटरांच्या वेगात मुद्दाम फरक केला की नाक वळतं. रिमोटवरची डावी-उजवी दांडी एवढंच करते. शेपटीवरचा आडवा छोटा पंखा वळण्यासाठी नाहीच. तो शेपूट उचलतो किंवा दाबतो, अंग झुकतं, आणि झुकलेल्या बाजूला हेलिकॉप्टर सरकतं.

आता दोन मोटरा तंतोतंत सारख्या कधीच नसतात. दांडी मध्यावर असतानाही एक किंचित जास्त फिरते. तो उरलेला फरक भरून काढायचा, ट्रिमचं काम इतकंच. वाकलेला शाफ्ट (पंख्यांचा उभा दांडा), चिरलेलं पातं, अडकलेला केस यांतलं काहीच ट्रिमने सुधारत नाही. फार तर झाकलं जातं, आणि पुढच्या उड्डाणात पुन्हा डोकं वर काढतं.

म्हणून ट्रिम आधी मध्यावर आणायचा, हेलिकॉप्टर बंद ठेवायचं, आणि बोटांनी तपासायचं.

(दृश्य: चिमट्याने शाफ्टवरून केस काढणारा हात.)

वरचा पंखा फिरवा, मग खालचा. दोन्ही सहज फिरले पाहिजेत. जड वाटला तर पहिला संशय केसांवर. घरातल्या फरशीवरून उडणारं हेलिकॉप्टर लांब केस आणि दोरे हमखास गोळा करतं, आणि ते शाफ्टच्या बुडाशी, गिअरखाली जाऊन बसतात. बारीक चिमट्याने काढावेत. शेपटीच्या पंख्यामागेही बघा. तिथे एक केससुद्धा मोटर अडवायला पुरेसा असतो.

मग पात्यांचे स्क्रू. हेलिकॉप्टर आडवं धरा आणि हलकेच हलवा. पाती आपल्या जागी थोडी झुलली पाहिजेत. अजिबात हलत नसतील तर स्क्रू जास्त आवळलाय. फिरताना पातं स्वतःहून सरळ रेषेत येतं, पण त्यासाठी त्याला मोकळीक लागते. ती नसली की थरथर सुरू होते. उलट पातं लोंबतच असेल तर पाव फेरा आवळा.

वरच्या पंख्याशी आडवा जोडलेला, टोकांना वजन असलेला दांडा म्हणजे बॅलन्स बार. तो दोन बोटांत धरून हेलिकॉप्टर लटकवा. अंग सपाट किंवा नाक किंचित खाली, दोन्ही चालेल. नाक बरंच खाली असेल तर उडताना ते सतत पुढे पळणार. या प्रकारातल्या बहुतेक हेलिकॉप्टरांत पुढे-मागे असा ट्रिमच नसतो. तिथे उपाय वजनाचाच: बॅटरी थोडी मागे सरकवा, नाहीतर शेपटीकडे चिकटपट्टीचा लहान तुकडा लावा. अर्धा ग्रॅमसुद्धा फरक दाखवतो.

(दृश्य: स्विच चालू. हात मागे घेतला जातो.)

हेलिकॉप्टर सपाट फरशीवर ठेवूनच स्विच चालू करा आणि हात काढा. दिवा स्थिर होईपर्यंत हलवायचं नाही. या काही सेकंदांत आतला जायरो, म्हणजे अंगाचं वळणं ओळखणारा सेन्सर, आपली शून्य स्थिती ठरवत असतो. हातात धरूनच स्विच लावला तर त्याला चुकीचं शून्य मिळतं आणि नाक सगळा वेळ वळत राहतं. उपाय सोपा: बंद करून पुन्हा चालू.

शेपूट तुमच्याकडे ठेवा. नाक तुमच्याकडे असलं तर डावं-उजवं उलटं होतं, आणि ट्रिम चुकीच्या बाजूला दिला जातो.

आता रिमोटने हवेत उचला, आणि रेंगाळू नका. नवशिके घाबरून हेलिकॉप्टर चार बोटं वर तरंगत ठेवतात. सगळ्यात जास्त डगमग नेमकी तिथेच असते, कारण पंख्याची हवा फरशीवर आपटून खालून उशीसारखी दाबते. थ्रॉटल, म्हणजे पंख्यांचा वेग, ठामपणे वाढवून कमरेइतक्या उंचीवर न्या आणि तिथे बघा.

नाक उजवीकडे वळतंय? खाली उतरवा, ट्रिम डावीकडे दोन क्लिक, परत वर. बटणाऐवजी गोल चकती असेल तर डावीकडे अगदी थोडी. एका वेळी फार नको. दहा-बारा सेकंदांत एखादा फेरा इतकं हळू वळण राहिलं की पुरे. त्यापेक्षा जास्त अचूकता या किमतीच्या यंत्राकडून मागू नये. बॅटरी उतरत गेली की हा तोलही थोडा सरकतो. म्हणून ट्रिम पहिल्या एक-दोन मिनिटांत लावा, शेवटच्या मिनिटात नाही.

(दृश्य: ट्रिम एका टोकाला, तरी हेलिकॉप्टर गरगर फिरतंय.)

ट्रिम टोकाला नेऊनही हेलिकॉप्टर गरगरत असेल तर थांबा. हे ट्रिमचं काम उरलेलं नाही.

कान द्या. मोटरचा आवाज आहे, पण एक पंखा मंद फिरतोय: गिअर शाफ्टवर घसरतोय, किंवा प्लॅस्टिक गिअरला बारीक चीर गेली आहे. कट-कट आवाज येतोय: दात झिजलेत. मोटर आणि गिअरच्या दातांमध्ये पातळ कागदाइतकी फट असावी. त्याहून घट्ट बसवलं तर मोटर गरम होते, सैल बसवलं तर दात खाल्ले जातात. आवाज ठीक पण जोर नाही, आणि बोटाने ढकलल्यावरच पंखा सुरू होतो: मोटरच्या आतले, वीज पोचवणारे ब्रश संपत आलेत. या मोटरा लहान असतात आणि झिजतात, त्यात नवल नाही.

बदली मोटरसाठी लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाताना जुनी मोटर सोबत न्या. जाडी, शाफ्टची लांबी आणि पुढच्या चिमुकल्या गिअरचे दात, तिन्ही जुळायला हवेत. काढण्याआधी तारांच्या रंगांचा फोटो घ्या. तारा उलट जोडल्या तर पंखा उलटा फिरतो आणि हेलिकॉप्टर फरशी सोडतच नाही. पात्यांचंही तसंच: वरची आणि खालची वेगळी असतात, बहुतेकदा त्यांच्यावर ए आणि बी असं कोरलेलं असतं. त्यांची अदलाबदल चालत नाही, आणि एकच पातं बदलूनही चालत नाही. जोडीच बदला.

दुसरी तक्रार गोल घिरट्यांची. हेलिकॉप्टर एका जागी न थांबता लहान वर्तुळ काढतं आणि ते वर्तुळ वाढत जातं. इथे बॅलन्स बारचे जोड सैल झालेत का, बार वाकलाय का, आणि आतला बारीक शाफ्ट सरळ आहे का, ते बघा. शाफ्ट काढून काचेवर लोळवला की वाक लगेच दिसतो. वाकलेला शाफ्ट पकडीने सरळ करण्याच्या नादाला लागू नये, नवा घालावा. तेल द्यायचं तर शिलाई मशीनचं, एकच थेंब, शाफ्टच्या जोडावर. खोबरेल तेल नको. ते घट्ट होतं आणि धूळ धरतं.

उचलण्याची ताकदच कमी झाली असेल तर बॅटरी. एका सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी पूर्ण चार्ज झाली की ४.२ व्होल्ट दाखवते, आणि ३ व्होल्टखाली गेली की खराब होते. उडवून आल्यावर दहा-पंधरा मिनिटं थंड होऊ द्या, मगच चार्जिंग. चार्जिंग पाच मिनिटांत संपल्यासारखं दिसलं तर सेल थकलाय किंवा पिनवर गंज आहे; समुद्राच्या दमट हवेत रिमोटच्या सेलमागच्या स्प्रिंगाही हिरव्या पडतात, त्या घासून घ्या. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये, वापरू तर मुळीच नये. ई-कचऱ्यात द्यावी.

(दृश्य: एकाच मोठ्या पंख्याचं, चार चॅनेलचं, म्हणजे रिमोटवरून चार हालचाली वेगवेगळ्या चालवता येणारं हेलिकॉप्टर.)

चार चॅनेलच्या, एकाच मुख्य पंख्याच्या हेलिकॉप्टरचा हिशेब थोडा वेगळा. इथे पीळ मारायला दुसरा पंखा नाही, ते काम शेपटीचा उभा पंखा करतो. मुख्य पंखा वरून बघताना घड्याळाच्या दिशेने फिरत असेल तर पीळ मारताना शेपटीचा पंखा अख्खं हेलिकॉप्टर डावीकडे ढकलतो. म्हणून एका जागी थांबलेलं हेलिकॉप्टर किंचित उजवीकडे झुकलेलं दिसतं. तो दोष नाही, तो झुकाव काढायला जाऊ नका. ट्रिमचा क्रम: आधी नाक, मग पुढे-मागे, मग बाजू. आणि एखाद्या बाजूला ट्रिमची अर्ध्याहून जास्त मजल संपली असेल तर ट्रिम मध्यावर आणून सर्व्होच्या (मुख्य पंख्याचा झुकाव बदलणाऱ्या छोट्या मोटरच्या) दांडीवरची प्लॅस्टिकची लिंक काढा, एक फेरा फिरवून परत बसवा, आणि कमरेइतक्या उंचीवर नव्याने बघा.