मीटरवरची उघडझाप

जिन्याखालच्या पेटीतल्या विजेच्या मीटरवर एक बारीक तांबडा दिवा उघडझाप करीत असतो. त्याच्या शेजारी छापलेला आकडा सहसा कोणी वाचत नाही. या मीटरवर तो ३२०० आहे; म्हणजे दिव्याची ३२०० वेळा उघडझाप झाली की बिलात एक युनिट चढते.

युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास. दोन हजार वॉटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट पडते, आणि नऊ वॉटच्या एलईडी दिव्याला तेवढ्यासाठी १११ तास जळावे लागते. वॉट हा वीज वापरण्याचा वेग आहे, तर युनिट हे वापरलेल्या विजेचे माप आहे. बिलावर मंजूर भार किलोवॉटमध्ये आणि वापर युनिटमध्ये लिहिलेला असतो, तो याच कारणाने; तरीही या दोहोंची गल्लत सर्रास होते.

दर सेकंदाला एक ज्यूल ऊर्जा लागणे म्हणजे एक वॉट. ज्यूल हे नाव इंग्लंडमधील सॅलफर्डच्या जेम्स प्रेस्कॉट ज्यूल यांचे. खाली उतरणाऱ्या वजनांनी पाण्यातली वल्ही फिरवायची आणि पाणी किती तापले ते बारकाईने मोजायचे, या १८४० च्या दशकातील प्रयोगांतून त्यांनी दाखवून दिले की, अमुक इतक्या श्रमातून ठरावीक इतकीच उष्णता निर्माण होते.

एका युनिटमध्ये ३६ लाख ज्यूल असतात. हा आकडा डोळ्यांसमोर उभा राहत नाही, म्हणून विहिरीवर जाऊ. दहा मीटर खोलीवरून दहा लिटर पाणी वर ओढायला, रहाटाचे घर्षण आणि बादलीचे वजन सोडून, सुमारे ९८० ज्यूल लागतात. मीटरच्या एका उघडझापीत ११२५ ज्यूल खर्च होतात, म्हणजे भरलेल्या एका बादलीहून थोडे जास्तच. ज्यांनी रहाट ओढला आहे, त्यांच्या हातांना एका युनिटचे, म्हणजे साडेतीन हजारांहून अधिक बादल्यांचे, मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

गिझर चालू असताना हा दिवा सेकंदाला जवळजवळ दोनदा लुकलुकतो. गिझर बंद केला की उघडझाप संथ होते. आता दोन लुकलुकींमधले सेकंद मोजावेत आणि ११२५ ला त्या संख्येने भागावे. १५ सेकंद भरले, तर घरात या घडीला ७५ वॉट वीज वापरली जात आहे, म्हणजे छताचा एक साधा पंखा फिरतो आहे.