पाणी किती फुटांवर?

(दृश्य : आयर्विन पूल, खाली कृष्णेचं गढूळ पाणी. कुठूनतरी रेडिओवरच्या बातम्या ऐकू येतात.)

हा १९२९ सालचा आयर्विन पूल. पावसाळ्यात सांगलीत माणसं एकमेकांना एकच विचारतात, पुलाजवळ पाणी किती? ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. इथल्या जुन्या माणसांना झोपेतून उठवून विचारलं तरी हे आकडे चुकणार नाहीत. २००५ च्या पुरात आपल्या दारातल्या कितव्या पायरीला पाणी टेकलं होतं, तेही सांगतील.

(दृश्य : गावभागातलं जुनं घर. सोप्यात आजी, हातात मोबाइल.)

"आरं, धरान फुटलंय म्हणं."

"आज्जी, कालच सांगितलं की तुला. खोटा मेसेज हाय त्यो."

"मग परत कशापायी आलाय?"

आजीचा सवाल बिनतोड आहे. एखादी गोष्ट चार तोंडांनी ऐकली की ती खरी वाटायला लागते, तरुणांनासुद्धा. म्हातारपणी त्यात एक भर पडते. धरणाची बातमी आजीच्या ध्यानात राहिली. नातवानं तिच्यावर मारलेला 'खोटी' हा शिक्का रात्रीत पुसला गेला.

हा आजार नव्हे, स्मृतिभ्रंश तर नव्हेच. बातमी काय होती, कुणी सांगितली, कधी सांगितली, हे सगळं एकत्र बांधून ठेवायचं काम मेंदूतला हिप्पोकॅम्पस करतो. वयाबरोबर तो हळूहळू आकसतो आणि या गाठी सैल पडतात. 'हे मी कुठंतरी ऐकलंय' एवढी ओळख मात्र शाबूत राहते, आणि घोटाळा तिथंच होतो.

सांगली बुडाली त्याच वर्षी, २००५ मध्ये, इयन स्कर्निक आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वयस्कर आणि तरुण माणसांना काही विधानं दाखवली आणि कुठलं खरं, कुठलं खोटं तेही सांगितलं. काही विधानं एकदा, काही तीनदा. अर्ध्या तासानं विचारलं तेव्हा तीनदा सांगितल्याचा म्हाताऱ्यांना फायदाच झाला होता. तीन दिवसांनी मात्र उलटं झालं. एकदाच 'खोटं' म्हटलेल्या विधानांपैकी २८ टक्के त्यांना खरी वाटली, आणि तीनदा बजावलेल्यांपैकी ४० टक्के! जितकं बजावलं तितकं ते ओळखीचं होत गेलं.

आता आपले ग्रुप बघा. अफवेचा फोटो, त्यावर लाल अक्षरांत 'फेक'. पाठवणाऱ्याचा हेतू चांगला, पण फोटोत अफवाच मोठी.

(दृश्य : टीव्हीवर पुराच्या बातम्या. ढोलताशासारखं पार्श्वसंगीत, खाली धावती पट्टी.)

कोयनेतून इतके हजार क्युसेक, वारणेतून इतके, अलमट्टीतून इतके. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर, हे किती घरांत ठाऊक असेल? निवेदक थांबत नाही. वयाबरोबर मेंदूचा वेग मंदावतो. पहिला आकडा मनात बसेपर्यंत तिसरा येऊन जातो. त्यात म्हातारपणी बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी ऐकू यायचे बंद होतात, म्हणजे 'स', 'श' यांसारखी व्यंजनं. वर ते संगीत. जे कानापर्यंत धड पोचलंच नाही, ते 'आजोबा विसरले' म्हणून त्यांच्या नावावर टाकायचं, हे मला पटत नाही.

जुनं पक्कं ध्यानात असणंही कधी अंगाशी येतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी चढत होतं, सूचना येत होत्या, आणि '२००५ ला आमच्यात आलं नव्हतं' म्हणून कितीतरी कुटुंबं घरातच थांबली. पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. घरात थांबलेल्यांत तरुणही होते, हे सांगायला हवं.

(दृश्य : नातू मोबाइलवर मेसेज टाइप करतोय.)

मग कसं सांगायचं? अफवेचं नावही न घेता. 'धरण धड आहे. आत्ता पुलाजवळ पाणी इतके फूट. सांगणारे, पाटबंधारे खातं.' आकडा एकच, आणि सांगणाऱ्याचं नाव दर वेळी, कारण आधी तेच निसटतं. आणि फोन सकाळी करावा. बहुतेक वयस्कर माणसांचं लक्ष सकाळी जास्त लागतं. फॉरवर्ड रात्री अकराला आला, तरी खरं काय ते सकाळच्या चहाबरोबर नीट सांगितलं, तर आज्जी लक्ष देऊन ऐकते, आणि शेजारणीलाही तेच सांगते.