साठ रुपये मिळाले

(दृश्य: पहाट. महात्मा फुले मंडई, पुणे. टेम्पोतून पोती उतरताहेत.)

मंडई आवाजानं जागी होते. पोती आदळतात, हमाल ‘बाजू, बाजू’ करत आत शिरतात, कोथिंबिरीवर पाणी मारलं जातं. वर उभा आहे तो दगडी अष्टकोनी मनोरा. 1886 साली ही मंडई सुरू झाली तेव्हा तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव होतं. जोतीराव फुले त्याआधी काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सभासद होते आणि या इमारतीवरच्या खर्चाला त्यांनी विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं. आज मंडईला त्यांचंच नाव आहे.

(दृश्य: पालेभाज्यांचा गाळा. मावशींचे हात.)

या मावशी शाळेत गेल्या नाहीत. काट्यावरचे आकडे वाचता येतात, त्यापुढचं अक्षर नाही. चाळीस वर्षं याच गाळ्यावर बसतात.

पहिलं गिऱ्हाईक आलं. मेथीच्या दोन जुड्या, पावकिलो मिरची. मुलीनं पाकीट आणलेलं नाही. पाटीला टेकवलेल्या चौकोनावर ती फोन धरते, आणि दुधी भोपळ्यांच्या मागून एक आवाज येतो.

‘साठ रुपये मिळाले.’

भवानीची नोट काट्याला टेकवून कपाळाला लावायची, ही मावशींची जुनी सवय. आता नोट नाही. त्या ओला हात पदराला पुसतात, पैसे आले की बोलणाऱ्या त्या डब्याला लावतात आणि मग कपाळाला.

(इथे निवेदन नाही. दहा सेकंद.)

त्या साठ रुपयांचा प्रवास बघू. सुरुवात या काळ्या-पांढऱ्या चौकोनापासून.

(दृश्य: क्यूआर कोड, अगदी जवळून. हळदीचे डाग, एका कडेला ओरखडा.)

हा क्यूआर कोड 1994 साली जपानमध्ये डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा यांनी तयार केला, मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी. तीन कोपऱ्यांतले तीन मोठे चौकोन पाहा. त्यांच्यावरून आडवी रेघ ओढली तर काळा-पांढरा भाग एक, एक, तीन, एक, एक अशा प्रमाणात येतो. छापील कागदावर सहसा न दिसणारं प्रमाण शोधून त्यांनी ते मुद्दाम निवडलं. म्हणून फोन तिरका धरा, उलटा धरा, कॅमेऱ्याला कोड सापडतोच. सगळ्यात पक्क्या प्रकारच्या कोडचा 30 टक्क्यांपर्यंत भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. मंडईतल्या चिखलपाण्यात तो का टिकला, ते इथे कळतं.

या चौकोनात पैसे नसतात, फक्त पत्ता असतो: मावशींच्या खात्याकडे जाणारा. मुलीनं पिन टाकला की निरोप नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या यूपीआय यंत्रणेकडे जातो. तिथून मुलीच्या बँकेला सांगावा: साठ वजा कर. मावशींच्या बँकेला सांगावा: साठ जमा कर. दोन्ही बँकांचा होकार आला की शेवटचा निरोप या डब्यात बसवलेल्या सिमकार्डापर्यंत पोचतो, आणि डबा बोलतो. मिरची पिशवीत पडायच्या आत हे सगळं उरकलेलं असतं.

यूपीआय 2016 च्या एप्रिलमध्ये आलं, आणि नोव्हेंबरात नोटबंदी झाली. ऑगस्ट 2023 मध्ये एका महिन्यातले व्यवहार पहिल्यांदा 1000 कोटींच्या पुढे गेले. पण माझ्या मते मंडईत खरा बदल घडवला तो या बोलक्या डब्यानं. त्याआधी गिऱ्हाईक स्वतःचा फोन पुढे करायचं, ‘गेले बघा मावशी,’ म्हणायचं. मावशींनी त्या पडद्यावर काय बघायचं? हिरवी खूण खरी की खोटी, हे त्यांना कोण सांगणार? डबा आला आणि खात्री कानावर आली. हात भाजीत, डोळे काट्यावर, कान डब्याकडे.

(दृश्य: मावशी डबा कानाशी धरतात. शेजारी लाउडस्पीकर चालू.)

हा डबा आला तेव्हा हिंदी बोलत होता. दोन महिने मावशी शेजारच्या गाळेवाल्याला विचारत होत्या, ‘किती म्हणाला रे?’ मग भाच्यानं फोनमधल्या ॲपमध्ये जाऊन भाषा बदलली. एका बटणाचं काम. पुण्याच्या मंडईत मराठी आवाज असा मागून घ्यावा लागतो, याचा मला राग येतो. तुमच्या ओळखीत कुणाकडे असा डबा असेल तर भाषा बदलून द्या.

आता हे ऐका.

‘एकोणचाळीस रुपये मिळाले.’

कॉलेजातला मुलगा थबकतो. ‘म्हणजे किती?’ मावशी बोटांवर दाखवतात, चाळीसला एक कमी. डबा ‘एकशे पंचवीस’ म्हणतो, मावशी ‘सव्वाशे’ म्हणतात. डब्याला सव्वा, दीड, पावणेदोन येत नाही. मंडईचा सगळा हिशेब सव्वा-दीडवरच चालतो, तेव्हा तेही त्याला शिकवायला हवं.

डब्याचं महिन्याचं भाडं आहे. कधी गिऱ्हाईकाचे पैसे कापले जातात आणि डबा गप्प राहतो, तेव्हा दुकानदाराला न पोचलेली रक्कम पाच दिवसांत परत देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कुणी कोडवर दुसराच कोड चिकटवून गेलं तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा.

(दृश्य: रात्र. गाळा झाकला जातोय.)

उरलेली मेथी गोणपाटाखाली गेली. वजनं पिशवीत, त्यावर डबा, त्यावर दुमडलेला रुमाल. नोटांची घडी कनवटीला. बाकीचे पैसे खात्यात आहेत. किती, ते भाचा रविवारी येऊन वाचून दाखवतो.

मावशी निघाल्या. उशिरा पोचलेला एखादा निरोप असेल, पिशवीतूनच आवाज येतो.

‘वीस रुपये मिळाले.’

(दृश्य: मावशी वळून बघतात. आवाज मूळचाच ठेवावा.)