तात्या, चहा आणि डब्लिनचं सेशन

श्रोतेहो, नमस्कार. डब्लिनला मुलाकडे, लेकीकडे निघालेली मंडळी हल्ली विचारतात, तिथलं अस्सल आयरिश संगीत ऐकायचं कुठे? माझं उत्तर ठरलेलं. टेंपल बार या पबांच्या गजबजलेल्या भागात एक चक्कर मारा, फोटो काढा आणि निघा. तिथं पर्यटकांच्या ओळखीची गाणी माइकवर चालतात आणि खिसाही जास्त हलका होतो. तुम्ही ट्रामची रेड लाइन पकडा, स्मिथफील्डला उतरा आणि कॉबलस्टोन नावाचा पब गाठा. तिथं सेशन चालतं. सेशन म्हणजे मैफल नव्हे. पुन्हा सांगतो, मैफल नव्हे. वादक कोपऱ्यातल्या टेबलाभोवती गोल बसतात आणि एकमेकांसाठी वाजवतात. आपण फक्त शेजारी असतो.

माझ्या बहिणीचे सासरे, तात्या, साताऱ्याकडचे. माळकरी, गावच्या भजनात पखवाज वाजवणारे. "गुत्त्यात पाय ठेवायचा नाही," म्हणून अडून बसले होते. पबात चहा मिळतो असं बहिणीनं शपथेवर सांगितलं, तेव्हा कुठे निघाले. चहा आला तो किटलीतून, दूध वेगळं. उकळल्याशिवाय चहा कसला, हे युरोपाला कोणी तरी सांगायला हवं, असो.

कोपऱ्यातली रिकामी स्टुलं बघून तात्या तिकडंच निघाले. बारवाल्यानं हसत हसत त्यांना बाजूच्या बाकावर बसवलं. कोपरा वादकांचा, रिकामा दिसला तरी वादकांचाच. हे लक्षात ठेवा. मग एक फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिनच, आलं, लाकडी बासरी आली, कॉन्सर्टिना ही हातात धरायची छोटी भात्याची पेटी आली, बाउरान आला. बाउरान म्हणजे बकऱ्याचं कातडं ताणलेला, मोठ्या डफासारखा. वाजवतात आखूड काडीनं. तात्यांची पहिली तक्रार, "लोकांकडं पाठ करून बसलेत की!" दुसरी, "तेच तेच वाजवतायत."

तेच तेच वाजवतात, हे खरं. धून छोटी असते, आठ-आठ आवर्तनांचे दोन भाग. प्रत्येक भाग दोनदा, आणि अख्खी धून साधारण तीनदा. मग न थांबता दुसरी धून सुरू. मी हे तात्यांना समजावणार, तोच ते मांडीवर बोटं मोजत म्हणाले, "आता बदलणार." आणि बदलली! पुढची बदलायच्या आधीही म्हणाले, "आता." पुन्हा बरोबर. मी विचारलं, कसं कळलं? "ती फिडलवाली बघ. बदलायच्या आधी मान वर करते, बासरीवाल्याकडं बघते. आमचा विणेकरी असंच बघतो." इतकी वर्षं मी सेशनं ऐकतोय, ती मान मला कधी दिसली नव्हती.

थोड्या वेळानं बासरीवाल्याच्याही लक्षात आलं की हे म्हातारबुवा आधीच मान डोलावतात. मग तो बदलायच्या आधी तात्यांकडंच बघायला लागला. एकदा तर मुद्दाम हुलकावणी दिली, धून चौथ्यांदा घेतली. तात्या म्हणाले, "लबाड आहे!" आणि अख्खा बाक हसला. काय म्हणाले ते कोणाला कळलं नव्हतं, तरीही. जिग नावाची नाचाची धून सुरू झाली तेव्हा सहाचं वजन ओळखून तात्यांनी दादरा धरला, पण मांडीवरच. टेबल वाजवलं नाही, टाळ्यांचा ठेकाही धरला नाही. तुम्हीही धरू नका. धून संपल्यावर हव्या तेवढ्या टाळ्या द्या. आपल्याकडे गाण्याआधी पाऊण तास सत्कार आणि मग चालू गाण्यात मोबाइल. त्यापेक्षा हे बरं.

कोणी साथीशिवाय एकट्यानं गायला लागलं तर मात्र बोलणं बंद. चित्रीकरण करायचं असेल तर आधी विचारा. मुलं बरोबर असतील तर लवकर जा. पंधरा वर्षांखालच्यांना पबात रात्री नऊपर्यंतच बसता येतं, मे ते सप्टेंबर दहापर्यंत, तेही पालकांसोबत. हा पब अजून उभा आहे हेही नशीब. 2021 मध्ये तिथं हॉटेल बांधायचा घाट होता, वादक आणि रसिक रस्त्यावर उतरले, महापालिकेनं परवानगी नाकारली.

ज्यांना पब नकोच, त्यांनी हेन्रिएटा स्ट्रीटवरच्या इलन पाइप्सवाल्यांच्या संस्थेच्या कार्यक्रमांची चौकशी करावी. कोपरानं भाता दाबून वाजवायचं हे वाद्य 2017 मध्ये युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेलं. तात्यांना मी तिकडंही नेणार होतो. ते म्हणाले, "त्या बासरीवाल्याची फेड राहिलीय, आधी तिथंच चल."