ताटाभोवतीचं कोल्हापूर

(दृश्य : गंगावेशीचा दूध कट्टा, दिवेलागणीची वेळ)

म्हशी ओळीनं बांधल्यात. गिऱ्हाईक समोर उभं आहे आणि धार काढून दूध तिथंच पेल्यात येतंय, वर बोटभर फेस. पंचाहत्तरी गाठलेले एक आजोबा निम्मा पेला पितात, कालच्या कुस्तीवर पाच-दहा मिनिटं बोलतात, मग उरलेला संपवतात. याच आजोबांना घरात सुनेनं दुधाचा पेला दिला तर उत्तर ठरलेलं असतं, "नको गं, पोट भरलंय."

पेल्यातलं दूध तेच. भोवतालची माणसं तेवढी वेगळी.

डॉक्टर म्हणतात, दूध उकळूनच प्या. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिससारखे आजार होतात आणि उतारवयात ते जड जातात. सल्ला अगदी बरोबर आहे. फक्त दूध घरी नेऊन उकळलं की कट्टा मागंच राहतो, आणि आजोबा तर कट्ट्यासाठी आलेले असतात.

(दृश्य : पेठेतली तालीम, बाहेरच्या बाकड्यावर चार म्हातारी माणसं)

कोल्हापूरच्या खाण्याला तालमीचा वास आहे. शाहू महाराजांनी पैलवान सांभाळले, 1912 मध्ये खासबागचं मैदान उभं राहिलं, आणि गावाला खुराक ठाऊक झाला. दूध, तूप, बदामाची थंडाई, मटण. हजार-हजार जोर-बैठका मारणाऱ्याला तो पचायचा. पुढं जोर थांबले, गुडघे बोलायला लागले. खुराक मात्र सुटला नाही. सुटणार कसा? बाकड्यावर अजूनही कौतुक होतं ते "म्हातारा काय जेवतोय बघ!" याच वाक्यानं. भाकरी कमी केली, असं इथं अभिमानानं कोण सांगणार? दवाखान्यातनं आणलेला आहाराचा कागद खिशातच घडी होऊन राहतो.

(दृश्य : रविवार दुपार, पितळी वाट्यांत तांबडा आणि पांढरा)

आता रविवारच्या पंगतीत म्हाताऱ्या माणसाचं ताट नीट बघा. रस्सा दोन-तीनदा वाढून घेतला जातो, त्यात भाकरी चुरली जाते. मटणाचे तुकडे? ते हळूच नातवाच्या ताटात जातात. वर "मला नको, पोरगं खाऊ दे." माया तर आहेच. पण निम्मं कारण दात आहेत, आणि ते चारचौघांत कबूल करवत नाही. परिणाम असा, की तेल, तिखट, मीठ आजोबांच्या पोटात आणि प्रथिनं नातवाच्या. साठ किलोच्या माणसाला दिवसाकाठी साधारण 50 ते 60 ग्रॅम प्रथिनं लागतात. वयानुसार स्नायू झिजतात म्हणून त्यात काटकसर परवडत नाही. त्याच मटणाचा मऊ खिमा केला, तर मानही राहतो आणि पोटातही जातं. मिठाची मर्यादा दिवसाला 5 ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर. रश्शाच्या तिसऱ्या वाटीला ती कुणाच्या लक्षात असणार?

तरीही ही पंगत मोडावी, असं आम्ही म्हणणार नाही. घराबाहेर पडू न शकणाऱ्या वृद्धांचा एक अभ्यास अमेरिकेत 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. शेजारी कुणी बसलेलं असताना हे लोक एका जेवणात सरासरी 114 कॅलरी जास्त खात होते. अंगानं खंगत चाललेल्या माणसासाठी हा आकडा लहान नाही.

(दृश्य : कपिलतीर्थ मंडई, सकाळ)

बाकडं पुरुषांचं. पेठेतल्या आज्यांचा कट्टा इथं आहे. अंबाबाईचं दर्शन, तिथनं मंडई. खेड्यातनं आलेल्या बायका पोत्यावर भाजी मांडून बसतात: चाकवत, आंबटचुका, पोकळा, मेथी. एकट्या बाईला पुरेल एवढी अर्धी पेंढी मागितली तर कुरकुर करत का होईना, देतात. भाव करताना सुनेची चौकशी होते, गुडघ्याची होते, आणि "चुक्यात डाळ घाल गं जरा" असा सल्ला फुकट मिळतो. पातळ डाळभाजी, मऊ भात: दात नसलेल्या तोंडाला यापेक्षा चांगलं काय? हा आहारसल्ला कुणी कागदावर लिहून देत नाही, पण पाळला जातो.

उपवासाचंही तसंच. मंगळवार, शुक्रवार, एकादशी. साबुदाण्याची खिचडी, वर बटाटा. मधुमेह असला तरी भजनी मंडळातल्या सगळ्या धरतात, मग एकटीनं सोडायचा कसा?

(दृश्य : कळंब्याच्या बाजूची नवी इमारत, तिसरा मजला)

मुलानं पेठेतलं घर सोडून इकडं फ्लॅट घेतला. लिफ्ट आहे, उजेड आहे, आईला स्वतंत्र खोली आहे. मंडई नाही. भाजी मोबाइलवरून येते, तीही पाव किलोच्या पुढं. दुपारी घरात कुणी नसतं. एकटीसाठी कुकर लावायचा? मग चहा आणि दोन बिस्किटं, चारला पुन्हा चहा आणि खारी. दोन बिस्किटांत प्रथिनं जेमतेम ग्रॅमभर; एका अंड्यात सहा. त्यातच वय झालं की चव आणि वास मंदावतात, जेवण मिळमिळीत लागतं, म्हणून ताटात लोणचं वाढतं आणि भाजी तशीच राहते. मुलगा म्हणतो, आईची भूक गेली. गेली असेलही, कधीकधी त्यामागं आजार किंवा औषध असतं आणि ते तपासून घ्यावंच. पण आधी हे विचारून बघावं, की ती शेवटची कुणासोबत जेवली?

(दृश्य : करवीर तालुक्यातलं गाव, दूध संस्था)

गावात वेगळीच तऱ्हा. सकाळ-संध्याकाळ किटली घेऊन म्हातारी माणसं संस्थेच्या दारात. फॅट किती लागली, यावर तासभर चर्चा. चालणं होतं, बोलणं होतं. मात्र किटलीतलं दूध मापात जातं, आणि घरात चहापुरतं उरतं.

(दृश्य : पुन्हा तीच इमारत, दुपारी एक)

कोल्हापुरात घरगुती खानावळींना तोटा नाही. या इमारतीतही आता दोन डबे येतात, एक तिसऱ्या मजल्यावर, एक पहिल्यावर. दोघी एकमेकींना लिफ्टमध्ये ओळख देतात आणि आपापल्या दाराआड जेवतात. पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या डब्यात आज उसळ आहे, वरच्या आजींच्या डब्यात पिठलं. दोन्ही डबे एकाच घरात पोचवायला खानावळवाल्याला काहीच अडचण नाही; त्याला कुणी तसं सांगितलेलं नाही, एवढंच.