परसबाग आखताना मे महिना डोळ्यांसमोर ठेवावा

भगिनींनो आणि बंधूंनो,

आपल्या भागात परसबाग मृगाच्या पावसावर लावली जाते, परंतु तिची कसोटी मे महिन्यात लागते. म्हणून आखणी करतानाही मे महिनाच डोळ्यांसमोर ठेवावा, हे माझे आजचे मुख्य सांगणे आहे. पहिला पाऊस पडला की घरोघरी दोडक्याच्या आणि कारल्याच्या बिया मातीत जातात, श्रावणात कुंपण हिरवेगार होते, दिवाळीनंतर मेथी आणि सांभारही (कोथिंबीर) हाताशी येतो. पुढे होळी सरली, विहिरी खोल गेल्या आणि पारा ४५ अंशांकडे सरकू लागला की त्याच जागी वाळलेल्या काड्या उरतात. माझ्या स्वतःच्या पहिल्या बागेची हीच गत झाली होती. रोपे उत्तम होती, शेणखतही भरपूर होते. मात्र पाणी कोठून येणार आणि दुपारचे ऊन कोण अडवणार, या दोन गोष्टींचा विचार मी केला नव्हता.

आधी उन्हाचे पाहू. २२ डिसेंबरच्या सुमारास आपल्याकडे भर दुपारीही सूर्य दक्षिणेला इतका कललेला असतो की १० फूट उंच भिंतीची सावली उत्तरेकडे जवळजवळ १० फूट पडते. त्यामुळे घराच्या उत्तरेस, भिंतीला लागून केलेला पालकाचा वाफा थंडीत उन्हावाचून खुरटतो. मे महिन्याच्या उत्तरार्धात मात्र सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो, भिंतीची सावली भिंतीपाशीच राहते, आणि खरा दाह दुपारनंतर पश्चिमेकडून येतो. यावरून मांडणी आपोआप ठरते. लिंबू, जाम (पेरू), पपई ही उंच वाढणारी झाडे जागेच्या उत्तर कडेला लावावीत, म्हणजे त्यांची हिवाळ्यातील सावली वाफ्यांवर पडणार नाही. पश्चिमेस मुंगणा (शेवगा) लावावा, कारण त्याची सावली विरळ असते आणि छाटून तो हव्या त्या उंचीवर राखता येतो. मुंगणा वाढेपर्यंत त्याच बाजूला तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्यांचा, ताटवा उभा करून त्यावर वेल चढवावा.

पाण्याचा हिशेब याहून कठोर आहे. १०० चौरस फुटांच्या वाफ्याला केवळ १ सेंटीमीटर पाणी द्यायचे म्हटले तरी सुमारे ९३ लिटर, म्हणजे १५ लिटरच्या सहा बादल्या लागतात. हापशीवरून आणलेले पाणी एवढे पुरवणे कोणत्याही घरातील बाईच्या कंबरेला परवडणारे नाही, आणि ते ओझे बहुधा तिच्याच वाट्याला येते, हे आखणी करणाऱ्या पुरुषांनी लक्षात घ्यावे. म्हणून पावसाळ्यात वाफे २०० चौरस फुटांवर असले तरी उन्हाळ्यात पालेभाजीचा वाफा ३० चौरस फुटांवर आणावा. दोन बादल्यांत तो भिजतो. त्यासाठी भाज्या आणि तांदूळ धुतलेले पाणी जपून ठेवावे. न्हाणीचे पाणी मात्र पालेभाजीला देऊ नये. ते गोटे आणि रेती भरलेल्या खड्ड्यातून उताराने केळीच्या आणि पपईच्या आळ्यात सोडावे, त्यामुळे ही झाडे न्हाणीपासून फार दूर नसावीत. साबणातील क्षारांनी काळी माती घट्ट होत जाते, म्हणून अधूनमधून त्या आळ्यांना साधे पाणीही द्यावे.

काळ्या जमिनीचा स्वभाव आपण सर्व जाणता; ती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. बागेच्या जागी एक फूट खोल खड्डा करून पाण्याने भरावा, आणि सकाळपर्यंत पाणी तसेच राहिले तर पावसाळ्यासाठी जमिनीपासून वीतभर उंच गादीवाफे करावेत, अन्यथा वांगी आणि मिरची मुळाशी सडतात. उन्हाळ्यात हेच वाफे सपाट करून किंचित खोलगट ठेवावेत. भेगांमुळे बारीक मुळे तुटतात आणि खोलवरचा ओलावाही उडून जातो, म्हणून सोयाबीनच्या कुटाराचा (भुशाचा) चार बोटे जाड थर मातीवर पसरावा. वाफ्याची रुंदी तीन फुटांहून अधिक नको, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो आणि माती तुडवली जात नाही.

उन्हाळ्यात टमाटरचा हट्टही धरू नये. तीव्र उष्म्यात त्याची फुले फळ न धरताच गळतात. गवार, चवळी, भेंडी आणि आंबाडी ही त्या दिवसांतील आपली माणसे आहेत.

कुंपण आधी, बियाणे नंतर, कारण शेळीला एक दुपार पुरेशी असते. पऱ्हाट्यांचे (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचे) कुंपण स्वस्त असले तरी वर्षभरात वाळवी लागते. बांबू मिळत असेल तर तो घ्यावा.

येत्या २२ डिसेंबरला प्रत्येकाने आपल्या परसात सकाळी नऊ, दुपारी बारा आणि सायंकाळी चार वाजता घराची सावली जेथे संपते तेथे खुंटी ठोकावी, न्हाणीच्या पाण्याचा उतार पाहावा आणि हे सर्व एका कागदावर काढून पुढील बैठकीस आणावे. बियाण्यांचे वाटप आपण ते कागद पाहूनच करू.